उडणारी तार आणि पडणारा खटका

लोकांच्या भिंती उघडायचा धंदा असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. काम संपवून पिशवी आवरताना तळाशी तारेचे कापलेले तुकडे निघतात ना, तसे. फेकून द्यायचं मन होत नाही आणि ठेवले तर पिशवी जड होत जाते.

आम्ही तिघे. मी घाटावरचा. कारखान्यात मेंटेनन्सला लागलो म्हणून बोईसरला आलो. पुढे कारखाना बंद पडला, पण हातातलं काम राहिलं, ते घेऊन घरोघर फिरू लागलो. दुसरा रामसजीवन. सरावलीत राहतो, मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीत. तिसरे भास्करदा, केळव्याचे, आमच्यात थोरले. मोठं काम असलं की तिघे मिळून करतो. नसलं की नाक्यावरच्या टपरीवर चहा घेत बसतो. मला रोज घरी जाऊन चार ओळी लिहायची सवय आहे, म्हणून भास्करदा मला ‘लेखकराव’ म्हणतात. चांगल्या अर्थानं नाही!

पुढचं सगळं दोन शब्दांवर आहे, ते आधी सांगतो.

जुन्या लाकडी बोर्डावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज असतात. आम्ही त्यांना किटकॅट म्हणतो. त्यात एक बारीक तार बांधलेली असते. लोड वाढला की ती तार वितळून तुटते आणि घर वाचतं. लोक म्हणतात, ‘फ्यूज उडाला.’ आताच्या डीबीत, म्हणजे भिंतीतल्या बंद डब्यात, तारेच्या जागी एमसीबी असते, तिला आमच्याकडे सरसकट ‘खटका’ म्हणतात. लोड वाढला की तो आपला आपण खाली येतो. लोक म्हणतात, ‘खटका पडला.’

काम दोघांचं एकच. पण उडलेल्याबद्दल कुणाची तक्रार नसते, पडलेल्याबद्दल असते. दुकानात गिऱ्हाईक हमखास म्हणतं, “पडणार नाही असा द्या हो!”

भास्करदा तर उघडच जुन्याच्या बाजूचे. “उडनारी वस्तू बरी रे. पडनाऱ्याचा काय भरोसा?”

हे ते गमतीत म्हणतात असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. पण सगळ्या तालुक्याचे बोर्ड बदलणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी अजून लाकडी बोर्ड होता. तो त्यांच्या थोरल्या भावानं, मधूदादानं, स्वतःच्या हातानं बसवलेला. भास्करदांना पक्कड धरायला शिकवली तीही त्यानंच. मधूदादा काविळीनं गेला आणि त्या बोर्डाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. पक्कड, टेस्टर, हातोडी मांडून हळदकुंकू वाहतो. भास्करदा त्या दिवशी त्या बोर्डावरही झेंडूचं एक फूल ठेवतात आणि छाती फुगवून सांगतात, “दादानं बांधलेली तार हाय. अजून एकदा पन उडली नाय!”

घर समुद्राला लागून. हवा खारी. बोर्ड लाकडाचा, छपराचे वासे लाकडाचे. त्या एका तारेवर फ्रिज, मिक्सर, विहिरीचा पंप. आणि ती तार कधीच उडत नाही, ही त्यांच्या मते कौतुकाची गोष्ट!

मला त्या घराची भीती वाटायची. पण जो माणूस दुसऱ्यांना हेच समजावत फिरतो, त्याला समजावणार कोण?

*

केळव्यालाच एका काकांची नारळ-सुपारीची वाडी आहे. तिथे त्यांनी मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. बोर्ड जुनाच, घरच्या पंख्या-दिव्यांपुरता. त्यावर खोली-खोलीत एसी! शनिवारी पाहुणे आले की खटका पडायचा.

आम्हाला बोलावलं ते भलत्याच कामाला, गेटवरचा दिवा लावायला. जाताना सहज डीबीचं झाकण उघडलं, तर खटक्याच्या खाली सुपारीच्या लाकडाची एक कपची नीट तासून घट्ट ठोकलेली.

“काका, हे काय?”

“टेकू हाय तो,” काका म्हणाले. “सारखा पडायचा. आता नाय पडत.”

रामसजीवननं कपाळाला हात लावला. “काका, ये तो घर का चौकीदार था. सीटी बजा रहा था. आपने उसके मुँह में कपड़ा ठूँस दिया!”

चांगला खटका बाहेरून कितीही धरून ठेवला तरी आतून सुटतोच. हा सुटत नव्हता. आतून जळून चिकटला होता. शेजारच्या वायरीचं प्लास्टिक करपून कडक झालेलं, बोट लावलं की पापडासारखं तुटत होतं. तिथे नुसता खटका बदलून भागणार नव्हतं. सगळी डीबी काढायची, लोड वाटून द्यायचा, मीटरपासून जाड वायर ओढायची.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “नवीन पडेल का?”

“लोड जास्त झाला तर पडणारच.”

“मंग बदलून काय उपेग?”

भास्करदा म्हणाले, “काका, पडला तर पाव्हनं उकाड्यानं ओरडतील. नाय पडला तर आगीनं ओरडतील. तुमाला कुठलं ऐकायचं, सांगा.”

काकांनी कपची स्वतःच्या हातानं काढली.

परत येताना भास्करदांचं घर वाटेतच लागतं. रामसजीवन म्हणाला, “दादा, औज़ार साथ में हैं. लगे हाथ आपका भी...”

“गाडी चालव,” भास्करदा म्हणाले.

*

सरावलीच्या एका बिल्डिंगमधला किस्सा. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एकीकडे पाटणकरकाकू, कडक शाकाहारी. समोर तारामावशी, मूळची सातपाटीची.

काकूंची तक्रार अशी की घरात रोज माशांचा वास येतो. आधी टोमणे झाले, मग दार आपटणं झालं, मग सोसायटीची मीटिंग लागली. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, “भाजायचेच असतील तर खिडकी उघडून भाजा ना बोंबील!”

तारामावशी ताडकन उठल्या. “कुठले बोंबील? श्रावण हाय, बाय, श्रावण! आमच्या घरात महिनाभर मासा नाय शिरला. वास आमालाच तुमच्या दारातून येतो. आमी समजलो, तुमीच लपून खाता!”

मीटिंगमध्ये कुणी हसायचं ते ठरेना.

तिथले सेक्रेटरी मोठे समजूतदार. दोघींच्या घरात मासा नाही, मग वास कशाचा, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. तापलेलं प्लास्टिक किंवा स्विचचं कडक बॅकेलाइट जळायला लागलं की कधी कधी अगदी मासळीसारखा वास सुटतो. काकूंच्या दाराशेजारी भिंतीत डीबी होती. झाकण काढलं. आत मेन वायरीचं टोक काळं, आणि डबा एका कोपऱ्यात वितळून खाली ओघळलेला. गीझर चालू झाला की वास. म्हणजे रोज सकाळी.

आणखी एखादा महिना दोघी भांडत राहिल्या असत्या तर काय झालं असतं, ते उघड होतं. काकू त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मग तारामावशींकडे वळून म्हणाल्या, “श्रावण संपला की जरूर भाजा हो.”

तेव्हापासून वास आला की काकू आधी समोर जाऊन विचारतात, “तुमचाच ना?” तारामावशी “आमचाच” म्हणाल्या की निवांत घरी येतात.

भास्करदांना हा किस्सा फार आवडतो. पण एकदा त्यांनी तो सांगून झाल्यावर रामसजीवननं हळूच विचारलं, “दादा, केळवे में तो चारों तरफ़ मछली सूखती है. आपके यहाँ जलने की बू आएगी तो पता कैसे चलेगा?”

भास्करदांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दुसरा मागवला.

*

बेटेगावचा किस्सा अगदी छोटा. लातूरकडचं कुटुंब, मुलगा कंपनीत कामाला. त्याची आई कौतुकानं म्हणाली, “आमचं मांजर लई गुणी. दिवसभर त्या फळीवर बसतंय, खाली उतरत न्हाई.”

फळी बोर्डाच्या खाली, मांजर भिंतीला पाठ लावून. बाहेर धो धो पाऊस, सगळ्या घराला ओल. मी मांजराशेजारी हात टेकवला. भिंत भाकरीच्या तव्याशेजारी असते तशी उबदार!

फ्यूज सारखा उडतो म्हणून मुलानं त्यात वायरीची जाड तांब्याची पिळी बांधली होती. “आता उडत न्हाई,” आई म्हणाली. बरोबर. तार उडत नव्हती, म्हणून भिंतीतली वायर शिजत होती.

बोर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन. “काम झ्याक झालंय. पर मांजर रुसलंय.”

*

मग बोईसरमधले एक निवृत्त गृहस्थ. घर लख्ख, डीबीचं झाकणही पुसलेलं. मुलीनं आग्रह केला म्हणून तपासायला बोलावलं, पण आम्ही चप्पल काढायच्या आतच ते म्हणाले, “काही गरज नाही. घर बांधल्यापासून एकदाही पडलेला नाही!”

शॉक लागू नये म्हणून डीबीत एक मोठा खटका असतो, त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं. दाबलं की खटका पडला पाहिजे. मी विचारलं, “हे शेवटचं कधी दाबलं होतं?”

“ते दाबायचं असतं?”

दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांनी स्वतः येऊन दाबलं, दारावरची बेल दाबावी तसं, तीन-चारदा.

“झोपलाय का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “नाही काका. गेलेला आहे. केव्हा गेला, ते मात्र आता कळणार नाही.”

ते खुर्चीत बसले. त्या स्वच्छ झाकणाकडे बघत म्हणाले, “आणि मी रोज पुसत होतो.”

आम्ही कुणीच हसलो नाही. नवा बसवल्यावर भास्करदांनी ते बटण स्वतः दाबून पाहिलं. त्याच दिवशी टपरीवर त्यांना घरून बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, फोन आला. त्यांचा आवाज मोठा, आम्हालाही ऐकू आला. “पोर बाळंतपणाला येतेय. अंगोळीला गरम पानी लागल. गिझर घ्यायचा. आन् तो बोर्ड आता बदलायचा.”

“बघू,” भास्करदा म्हणाले.

“मी चुलीवर पानी तापवीन. पन बाळ त्या बोर्डाखाली नाय झोपवनार मी, सांगून ठेवते.”

भास्करदांनी फोन खिशात टाकला. रामसजीवन काही बोलणार होता. मी त्याचा पाय दाबला.

*

बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या एका घरात मुलगा आणि सून पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, मागे आजी एकटी असते. मुलगा परत आल्यावर आमच्याकडे आला. दिवा लुकलुकतो, बोर्ड बदलून द्या म्हणाला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, सगळंच नवं घाला.

उघडून बघितलं. छोटा डबा, कोरडा, वायर मऊ, खटका टेस्टला बरोबर पडत होता. फक्त न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायरीचं टोक थोडं काळं झालेलं.

भास्करदांनी मेन बंद केला, टोक कापलं, नवं सोललं, स्क्रू आवळला. मुलाला म्हणाले, “नवा नको. ह्यो चांगला हाय. दिवा लुकलुकला म्हनून लगेच बोर्ड नाय बदलायचा. डबा तापला, वास आला, वायर कडक झाली, तर बदलायचा.”

मुलानं दिवा लावला. पिवळा उजेड, अगदी स्थिर.

आजी उंबऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, “आता नाय मिचकवनार?”

“नाय आजी. झालं काम.”

“तो यायचा ना,” आजी म्हणाली. “सांजचा. दिवा डोला मिचकवायचा का मी समजायची, म्हातारा आला. दिसभराचं सांगायची त्याला.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “आता नाय येनार का?”

मुलगा खाली बघू लागला. भास्करदांच्या हातात अजून स्क्रू ड्रायव्हर होता. मला क्षणभर वाटलं, हे आता तो स्क्रू पुन्हा ढिला करतात की काय!

ते आजीच्या समोर उकिडवे बसले. “येल, आजी. आता डोला न मिचकवता येल. तू बोल त्याच्यासंगं. उजेड हाय तवर तो हाय, असं समज.”

आजीनं दिव्याकडे बघितलं. पटलं की नाही, ते कळलं नाही. पण तिनं आमच्या हातावर गूळ ठेवला.

परतीच्या वाटेवर भास्करदा मोठा रस्ता लागल्यावर म्हणाले, “दुसऱ्याचा मानूस आपुन एका स्क्रूत काढून टाकतो रे.”

रामसजीवननं विचारलं, “और अपना?”

भास्करदा उतरताना म्हणाले, “रविवारी दोघं केळव्याला या. मोठी डीबी आना. मी हात नाय लावनार. तुमीच काढा.” आणि माझ्याकडे वळून, “लेखकराव, तार तोडू नको. हाय तशी काढून माझ्या हातात दे.”

*

रविवारी गेलो. अंगणात सुकट वाळत पडलेली, मुलगी ओसरीवर पाय पसरून बसलेली, तिला सातवा सरलेला. वहिनींनी चहा केला. भास्करदा अंगणातच माडाला टेकून उभे राहिले, आत येईनात.

मेन बंद केला. टेस्टरनं बघितलं, पुन्हा बघितलं. मग स्टुलावर चढलो.

बोर्डाच्या कडेला खंडेनवमीचं झेंडूचं फूल अजून होतं, वाळून तपकिरी झालेलं. लाकूड मागून भुसभुशीत. सगळे स्क्रू गंजलेले, पितळी पट्ट्यांवर हिरवा थर. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार! केळव्यात नवी बादली आणली तरी वर्षात तिची कडी गंजते. मेन वायरीला बोट लावलं, तर वरचं आवरण गळून हातात आलं. त्या बोर्डाचे दिवस केव्हाच भरले होते.

मग मी किटकॅट धरून हळूच बाहेर ओढलं.

तार नीट बांधलेली होती. दोन्हीकडे एक-एक वेढा, आणि टोक कापून आत वळवलेलं, बोटाला लागू नये म्हणून. ही मधूदादाची पद्धत. भास्करदाही तशीच बांधतात, आम्हालाही त्यांनी तशीच शिकवली.

पण तार चकचकीत होती, कालपरवा बांधल्यासारखी.

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. रामसजीवननं खालून बघितलं. त्यालाही दिसलं. माझ्या मनात आलं, हे असंच पिशवीत टाकावं आणि सांगावं, काढताना तुटली. पण भास्करदा दारापर्यंत आले होते, हात पुढे करून.

मी त्यांच्या तळहातावर किटकॅट ठेवलं.

त्यांनी ते उजेडात धरलं. अंगठ्यानं तार पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतंच. मग अंगठा पाहिला, स्वच्छ. बाहेर कुणीतरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं. मुलगी आईकडे बघत होती.

भास्करदांनी मान वर केली नाही. “कवा उडली ही?”

वहिनी पदराला हात पुसत होत्या. “ह्या महिन्यात दोनदा.”

“आन् त्याच्या आदी?”

“उडायचीच की. तुमी कामाला गेलं का उडायची. पंप लावला का उडायची.” मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “मधूभाऊजींनीच शिकवलेलं मला. आजारी होते तवा. म्हनले, भास्कर घरी नसल तवा अंधारात नको बसू. मेन बंद करायचा, अशी बांधायची, टोक आत वळवायचं.”

भास्करदा त्या आत वळवलेल्या टोकावरून बोट फिरवत होते.

मग त्यांनी किटकॅट शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि रामसजीवनला म्हणाले, “लाव रे नवा. आन् तुझ्या भाभीला सांग, पडला का मला सांगायचं.”